खोलीची किल्ली

मुलांनो, तुम्ही कधी छत्रपती संभाजीनगरला आलात, तर पाणचक्की पाहायला अवश्य जा. पूर्वी या शहराचे नाव औरंगाबाद होते. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही पाणचक्की आहे. जुन्या काळी पाण्याच्या जोरावर येथील जाते फिरत असे आणि दर्ग्यात येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी दळण दळले जाई. हे पाणी दूर डोंगराकडून, जमिनीखाली घातलेल्या मातीच्या नळांतून आणले होते. लोक उंचावरून पडणारी धार पाहत आणि खूश होत. जमिनीखालचे नळ मात्र कोणालाच दिसत नसत. पण नळ फुटला, तर धार कोठून येणार?

पाणचक्कीपाशी गेले, की मला माझी एक विद्यार्थिनी आठवते.

मी या शहरातील एका उर्दू शाळेत मराठी शिकवत होते. गोष्ट १९९६ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील आहे. नववीतील एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. एरवी ती माझ्याशी उर्दूतच बोलायची. त्या दिवशी मात्र वाक्ये घरी पाठ करून आली असावी. ती म्हणाली, "टीचर, शाळा सुटल्यावर मला एक खोली मिळेल का? आमच्या मोहल्ल्यातील सात मुलींनी शाळा सोडली आहे. मी त्यांना शिकवीन."

मी तिची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर तिचे कौतुकही केले. खोलीबद्दल मात्र म्हणाले, "वार्षिक परीक्षा होऊ दे, मग पाहू." परवानगी कोण मागणार, शिपाई थांबेल का, कोणी नाव ठेवले तर काय, असे नाना विचार माझ्या मनात आले होते. तिने पुन्हा विचारले नाही. मला वाटले, तिचा उत्साह संपला. "मुलांचे असेच असते, चार दिवसांची हौस!" असे मी इतर शिक्षकांजवळ बोलूनही दाखवले.

दहा वर्षांनी, ईदच्या आधी, गुलमंडीवर तिची माझी गाठ पडली. तिच्या कडेवर मूल होते. तिनेच मला ओळखले आणि सलाम केला. बोलता बोलता मी त्या सात मुलींविषयी विचारले. ती हसून म्हणाली, "आमच्या गच्चीवर तीन महिने येत होत्या, टीचर. एक दिवस चुकवला नाही. मग पावसाळा लागला."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते शब्द मला फार लागले. तिची हौस चार दिवसांची नव्हती. तिच्याजवळ फक्त छप्पर नव्हते. आणि खोलीची किल्ली तेवढे दिवस माझ्या टेबलाच्या खणात पडून होती.

मुलांनो, आणखी एक गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो. त्या वेळी मी शाळेच्या गाईड पथकाची कॅप्टन होते. गाईड चळवळीचा जन्मच अशा एका मागणीतून झालेला आहे. १९०९ साली लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथे स्काऊट मुलांचा मोठा मेळावा भरला होता. तेथे काही मुली बोलावणे नसताना येऊन उभ्या राहिल्या. 'आम्हां मुलींसाठीही काहीतरी हवे,' असे त्यांचे मागणे होते. स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ते मनावर घेतले. दुसऱ्याच वर्षी, १९१० साली, मुलींची वेगळी संघटना स्थापन झाली. तिचे काम त्यांची बहीण ॲग्नेस यांनी सांभाळले. १९२८ साली देशोदेशीच्या संघटनांची मिळून एक जागतिक संघटना झाली. दीडशेहून अधिक देशांत तिचा विस्तार झाला. १९६६ साली तिचे एक जागतिक केंद्र आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात सुरू झाले. त्याचे नाव 'संगम'. अनेक नद्यांनी एकत्र यावे, तशा अनेक देशांच्या मुलींनी तेथे एकत्र यावे, एकमेकींकडून शिकावे आणि घरी परतल्यावर आपापल्या वस्तीत काम करावे, असा त्यामागचा विचार होता.

एवढ्या मोठ्या कामासाठी पैसा कोठून आला असेल? त्याचीही एक गंमत आहे. २२ फेब्रुवारी या दिवशी गाईड मुली 'चिंतन दिन' पाळतात. १९३२ साली प्रत्येक मुलीला आवाहन करण्यात आले, की या दिवशी दुसऱ्या देशांतील आपल्या बहिणींसाठी फक्त एक पेनी द्या. एक पेनी म्हणजे अगदी किरकोळ नाणे. पण थेंबे थेंबे तळे साचे! देणारीला घेणारीचे नाव ठाऊक नसे, घेणारीला देणारीचे तोंड दिसत नसे. पाणचक्कीच्या नळांचे काम असेच चालत असे, नाही का?

हे सारे मी पथकातील मुलींना दरवर्षी सांगत होते. मात्र एक मुलगी स्वतःहून माझ्यापुढे येऊन उभी राहिली, तेव्हा मला ते आठवले नाही.

गुलमंडीवरून घरी आल्यावर मी त्याच रात्री मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहिला. परवानगी मिळायला किती दिवस लागले, ठाऊक आहे? फक्त दोन! तेव्हापासून मी निवृत्त होईपर्यंत शाळा सुटल्यावर ती खोली उघडी राहत असे. पण त्या पहिल्या सात मुलींना मी काही देऊ शकले नाही.

आता आमच्या शहरातील अलीकडची गोष्ट ऐका. २०२१ सालच्या जानेवारीत, कोरोनाच्या दिवसांत, बायजीपुरा भागात मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने मोहल्ल्यातील मुलांसाठी वाचनालय सुरू केले. तिचे वडील पुस्तकविक्रेते. त्यांच्या 'रीड अँड लीड फाउंडेशन' या संस्थेने तिला साथ दिली. मग एकाची दोन आणि दोनाची चार, अशी वाचनालये शहरातील अनेक मोहल्ल्यांत उघडली. मुलगी हुशार आणि जिद्दी होतीच. पण वडील 'मग पाहू' म्हणाले असते, तर?

तुम्ही म्हणाल, "आम्ही तर विद्यार्थी. आमच्याजवळ कसली किल्ली?" असते, मुलांनो, प्रत्येकाजवळ काहीतरी असते. तुमची बहीण शेजारच्या मुलांना शिकवू पाहत असेल, तर तासभर घरची भांडी तुम्ही घासा. तो एक तास म्हणजे तिची किल्ली. तुमचा मित्र गल्लीतील तुंबलेल्या नालीसाठी महानगरपालिकेत जायला निघाला असेल, तर त्याला मराठीत अर्ज लिहून द्या आणि त्याच्याबरोबर जा. तो एकटा गेला, तर कदाचित त्याला परत पाठवतील. चार जण गेलात, तर साहेब निदान अर्ज वाचून पाहतील.

चांगले काम करणाऱ्याला शाबासकी जरूर द्या. पण शाबासकी देऊन झाली, की एकदा आपला खण उघडून पाहा. त्याला हवी असलेली किल्ली तेथेच पडलेली असेल.