सागाचं पान

माझ्या पहिल्या टर्कीच्या शिकारीत एक नर माझ्या बाराने जखमी झाला आणि निसटला. तो आम्हाला सापडला नाही. त्या सकाळी माझे हात थरथरले म्हणून असं झालं, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. खरी चूक दोन महिने आधी, फेब्रुवारीत, दुकानाच्या काउंटरवर झाली होती.

मी विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनला राहते. इथून पश्चिमेला पावणेदोन तासांवर किकापू नदीचं खोरं लागतं. उभ्या टेकड्या, ओक आणि हिकरीची झाडं, मधे मक्याची शेतं. या राज्यातली शेवटची रानटर्की 1881 च्या सुमारास संपली होती. 1976 मध्ये मिसूरीतून पकडून आणलेले पक्षी इथल्या व्हर्नन काउंटीत सोडले गेले, बदल्यात विस्कॉन्सिनने मिसूरीला ग्राऊस पक्षी दिले. टर्की इथे रुजल्या, वाढल्या आणि 1983 मध्ये पुन्हा शिकारीचा हंगाम सुरू झाला. म्हणजे त्या डोंगरातला प्रत्येक नर कुणीतरी निगुतीने परत आणलेल्या पक्ष्यांचा वंशज आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणूनच निसटलेला तो पक्षी अजून मनातून जात नाही.

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या वडिलांची तिथे शेती आहे. त्यांनी बोलावलं, मी शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स केला (1973 पासून पुढे जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे), परवाना काढला आणि बंदूक घ्यायला गेले.

दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवी? मी म्हटलं, टर्कीसाठी. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. ती त्याने विचारात घेतली नाही आणि मीही सांगितली नाही. त्याने बारा बोअरची, अठ्ठावीस इंची नळीची, साडेतीन इंची काडतूस खाणारी पंपाची बंदूक पुढे ठेवली. टर्की मोठा पक्षी, वीस पौंडांच्या वर भरतो, तर काडतूसही सगळ्यात मोठं हवं, हे मला लगेच पटलं. शिवाय मी एकटी बाई त्या दुकानात उभी होते आणि लहान बंदूक मागितली तर आपल्याला कच्चं समजतील, असंही मनात होतं. तेव्हा हे मी कुणापाशी बोलले नसते.

बोअरचा हिशेब जुना आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर एका गोळीएवढी रुंद नळी ती बारा बोअर. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर, म्हणजे ती नळी अरुंद. बारा बोअरमध्ये छर्रे जास्त मावतात हे खरं. पण पाखरू पाडायला छर्रे मानेत आणि डोक्यातच बसावे लागतात. पिसांच्या आणि छातीच्या जाड थरावर त्यांचा भरवसा नाही. मान-डोक्याची जागा हातात धरता येईल एवढीच असते. तिथे छर्रे कुठे आणि किती दाट पडतात, यावर सगळं ठरतं.

आणि ते कुठे पडतात हे दस्ता ठरवतो. खांद्यापासून चापापर्यंतचं अंतर आपल्या हाताच्या मापाचं असलं, की गाल आपोआप लाकडावर टेकतो आणि डोळा नळीच्या रेषेत येतो. माझ्या बंदुकीचा दस्ता चौदा इंचांहून लांब होता. वर मी जाड जाकीट घातलेलं. बंदूक खांद्याच्या खोबणीत बसायच्या ऐवजी दंडावर सरकायची, आणि चापापर्यंत पोचायला मी मान पुढे ताणायचे, त्यात गाल वर उचलला जायचा. गाल उचलला की डोळा वर जातो, आणि डोळा वर गेला की बार वर जातो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. कोर्सच्या पुस्तकात चित्र होतं. मी ते पान परीक्षेपुरतं वाचलं.

मार्चमध्ये मैदानावर जाऊन त्या काडतुसाचे दोन बार काढले. दोन औंस शिसं एका धक्क्यात बाहेर पडतं, तेव्हा हलकी बंदूक हरणावर चालवायच्या कित्येक रायफलींपेक्षा जोरात मागे येते. दुसऱ्या बारानंतर माझ्या दंडावर तळहाताएवढा डाग उठला, आधी जांभळा, मग पिवळा. उरलेली काडतुसं मी जपून ठेवली, महाग आहेत म्हणून. पुढचा सगळा सराव उडत्या चकत्यांवर केला, हलक्या काडतुसांनी, नळीच्या तोंडाशी छर्रे आवळणारी चोक सैल लावून. पंचवीसपैकी सतरा फुटल्या त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं की माझी तयारी झाली. त्यातलं एकही काडतूस मी जंगलात नेणार नव्हते. जंगलात असेल तीच चोक, तेच काडतूस, तेच बसणं आणि तेच अंतर, असा एकही बार मी कागदावर काढला नव्हता.

इथे मला आजोबांबद्दल सांगायला हवं. कुडाळजवळच्या आमच्या गावी त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. भातात डुकरं शिरायची. नवी दारू आणली की आजोबा बांधावर बाभळीच्या काट्याने सागाचं मोठं पान टोचायचे, वीस पावलं मोजायचे आणि बार काढायचे. मग मला पान आणायला धाडायचे. मी ते उन्हाकडे धरून भोकं मोजायची. कमी भरली तर ते दारूचं माप बदलायचे आणि नवं पान लावायचे. म्हणायचे, "बंदूक खंय मारता, ता आधी तिकाच इचारूक व्हया." मी आठ वर्षांची होते. मला भोकं मोजायला आवडायचं, बस. तेच काम सातासमुद्रापलीकडे मला स्वतःसाठी करायचं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली सकाळ. अंधारात मी एका जाड ओकला पाठ टेकून बसले. मैत्रिणीचे वडील माझ्या मागे, दुसऱ्या झाडाशी. उजाडता उजाडता घुबड बोललं आणि त्याला उत्तर म्हणून समोरच्या धारेवरून नर ओरडला. तो आवाज छातीत जाणवतो. वडिलांनी पाटीच्या दगडावर काडी घासून मादीचा आवाज काढला. वीस मिनिटांनी तो आला. शेपटीचा पंखा उभारलेला, पंख जमिनीला घासत, मान अंगात ओढून घेतलेली, डोकं पांढरं आणि निळं, गळ्याखालचे गोंडे लालभडक. पावलापावलाला थांबत होता. उन्हात त्याची पिसं तांब्यासारखी दिसत होती.

तीस यार्डांवर तो माझ्याकडे तिरका झाला. मागून हलकेच आवाज आला, "थांब. मान वर करू दे." मी ऐकलं. पण बंदूक बराच वेळ गुडघ्यावर तोलून माझा डावा हात भरून आला होता, लांब नळीचं टोक खाली झुकत होतं, आणि त्या धक्क्याची धास्ती दंडात बसलेली होती. मी चाप ओढला.

छर्रे त्याच्या पाठीवर आणि पंख्यावर गेले. तो कोलमडला, उठला आणि एक पंख लोंबता ठेवून उतारावरून ओढ्याकडे पळाला. मी दुसरं काडतूस चढवलं तोवर तो झुडपात गेला होता. जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांची सात पिसं होती आणि एका वाळक्या पानावर रक्ताचे दोन थेंब. आम्ही दुपारी दोनपर्यंत शोधलं. ओढा दोन्ही काठांनी चाललो, पडलेल्या खोडांखाली वाकून पाहिलं, काटेरी जाळीत हात घातले. मैत्रिणीच्या वडिलांना तेव्हा बहात्तरावं वर्ष होतं. ते माझ्यापुढे गुडघ्यांवर रांगत होते. त्यांनी मला एक शब्दही लावला नाही. परवान्याचे पाच दिवस शिल्लक होते. मी ते वापरले नाहीत.

जूनमध्ये त्यांच्याच कुरणात आम्ही चार फुटी कागद ताणून लावला. मध्ये दहा इंचांचं वर्तुळ काढलं, त्यात पेन्सिलीने टर्कीची मान. चाळीस यार्डांवर अशा वर्तुळात शंभर छर्रे पडावेत, असा इथल्या शिकाऱ्यांचा हिशेब आहे. मी तीसवरूनच मारलं, जंगलात बसले होते तशीच बसून. काडतुसात सुमारे तीनशे चाळीस छर्रे होते. वर्तुळात अठ्ठावीस मोजले. बाकीचा दाट झुबका वर्तुळाच्या एक वीत वर आणि थोडा डावीकडे. पेन्सिलीच्या मानेत तीन भोकं होती. पुन्हा मारलं, पुन्हा तिथेच. बंदूक इमानदार होती, तेच सांगत होती.

मग मी तेरा इंची दस्त्याची, बावीस इंची नळीची वीस बोअरची बंदूक घेतली, आणि घेण्याआधी दुकानात जाकीट घालून, डोळे मिटून ती वीस वेळा खांद्याला लावली. डोळे उघडले की नळीच्या टोकाचा मणी समोर असायचा. वर लाल ठिपक्याची दुर्बीण बसवली, कारण तिचा ठिपका कागदावरच्या झुबक्यावर आणून ठेवता येतो. काडतूस टंगस्टनच्या बारीक छर्ऱ्यांचं घेतलं. टंगस्टन शिशाच्या दीडपट जड असतं, म्हणून बारीक छर्राही खोल जातो आणि तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त छर्रे मावतात. एका काडतुसाला दहा डॉलरच्या वर पडतात. तरी पाच काडतुसं मी कागदावर घातली, वीस, तीस आणि चाळीस यार्डांवरून. चाळीसला वर्तुळ भरलं, पण माझी हद्द मी तीस ठरवली, आणि बसायच्या जागेपासून तीस पावलांवर खूण म्हणून काडी रोवते.

जुनी बंदूक दीड वर्ष कपाटात राहिली. शेवटी एका उंच तरुणाने घेतली. त्याने ती खांद्याला लावली तेव्हा त्याचा गाल दस्त्यावर असा बसला की मी पाहतच राहिले. तो बदकांवर नेणार होता. मी त्याला जूनमधला तो कागद घडी उलगडून दाखवला, पेन्सिलीची मान, वरचा झुबका, आणि म्हटलं, हा माझ्या हातचा आहे, तुझा वेगळा येईल, हंगामाआधी काढून बघ. त्याने विचारलं, हा मी ठेवू का? मी कागद पुन्हा घडी करून बंदुकीच्या पेटीत ठेवला.