चौकट कशाला धरून आहे?

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा मी श्रीवर्धनला घरातच होतो. मी सुतारकाम करतो. त्यानंतरचा सगळा पावसाळा लोकांची दारं-खिडक्या दुरुस्त करण्यात गेला. त्यात मोडलेलं लाकूड फार थोडं होतं. बहुतेक ठिकाणी झडपा धड होत्या. चौकट भिंतीतून उपटून आली होती, नाहीतर कडीचे स्क्रू निघाले होते.

ताशी १०८ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ५५ किलो होतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट. म्हणजे चार बाय चार फुटांच्या खिडकीवर ऐंशी किलोचा रेटा, तोही हिसक्याहिसक्याने. समुद्राकडची खिडकी आत दाबली जाते, मागच्या पडवीची बाहेर ओढली जाते. हे मागचं ओढणं लोकांच्या लक्षातच येत नाही. समोरची एक खिडकी गेली की वारा आत शिरून छपराला खालून उचलतो. वरून तो ओढतच असतो. कित्येक घरांचे पत्रे असेच गेले.

आमच्या जुन्या घराचं पुढचं दार आत उघडतं, त्यामुळे रेटा सगळा कडीवर यायचा. पण आजोबांनी त्याला अडसर ठेवला होता, दोन्हीकडे चिऱ्याच्या भिंतीतल्या खोबणीत बसणारा जाड सागवानी दांडा. दार तासभर धडधडत होतं, पण अडसराने ते सोडलं नाही, कारण भार स्क्रूंवर न राहता भिंतीत गेला. बाहेर उघडणारी झडप समोरच्या वाऱ्याने उलट चौकटीवर घट्ट बसते. मागच्या बाजूला मात्र तिला वर-खाली दोन्हीकडे बोल्ट लागतात.

अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी स्वस्त पडते, जाळीही बसते. पण तिची पट्टी वाऱ्याने वाकली की झडप उथळ खाचेतून निसटते. समुद्रासमोरच्या भिंतीला मी ती आता बसवत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

किनाऱ्यावर घर बांधत असाल तर काचेची जाडी जरूर विचारा. पण त्याआधी, गिलावा होण्यापूर्वी, स्वतः जाऊन चौकट बघा. दाराच्या चौकटीला प्रत्येक बाजूला निदान तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, हवेत, आणि ते भिंतीत काँक्रीट भरून पक्के केलेले हवेत.