धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी कडी चढवितात तिला आपल्या भाषेत ‘धाव’ असे सुरेख नाव आहे. लोहार ती तापवून चाकावर बसवितो, वर पाणी ओततो. निवताना ती आवळते आणि साऱ्या चाकाला गच्च धरून ठेवते. डनलॉपने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेची धाव केली. तिला मात्र आपण ‘टायर’च म्हणत राहिलो. असो.

मुख्याध्यापक असून मी अंगणात बसून मोटारसायकलचे टायर बदलतो, याचे आमच्या दांडियाबाजारातील आप्तांना नवल वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ज्या बडोद्यात कलाभवन काढले, तेथे काळ्या हातांचा संकोच का वाटावा, हे मला उमगत नाही.

मुलीला वाघोडियास नोकरी लागली आणि घरातली जुनी बुलेट तिने मागितली. पुढच्या टायरची नक्षी शाबूत होती. पण कडेवरचे शेवटचे चार आकडे होते २२१४, म्हणजे जन्म २०१४ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला. रबरास बारीक भेगा पडलेल्या. त्या रस्त्याला मालमोटारींची रहदारी. पुढचे चाक दगा देते तेव्हा सावरायला अवधी मिळत नाही. हिचे म्हणणे, दुकानात द्या. मुलगी म्हणाली, “बाबा, मीच काढते. तुम्ही नुसते सांगा.”

तिने हवा सोडली, पट्टी घातली आणि जोर लावला. टायर हलेना. टायरच्या काठात पोलादी तार असते, ती ताणत नाही. तेथे बळ फुकट जाते. रिमच्या मध्यभागी मात्र एक खोलगट घळ असते. समोरची कड गुडघ्याने त्या घळीत दाबली की तेवढीच ढील पट्टीकडे मिळते. हे कळताच तिने दहा मिनिटांत टायर उतरविले. नवे चढविताना बाणाची दिशा पाहिली, ट्यूबमध्ये थोडी हवा भरली, म्हणजे ती पट्टीखाली चिमटत नाही. कडेची रेघ रिमपासून सर्वत्र सारखी दिसावी लागते. एके ठिकाणी ती आत दडली होती. पुन्हा हवा सोडून साबणाचे पाणी लावले, पंप मारला, तेव्हा ‘टक्’ असा आवाज होऊन कड जागेवर बसली. त्या आवाजाने ही दचकून बाहेर आली.

सोमवारी मुलगी निघाली, तेव्हा हिने डब्याबरोबर हवा मोजायचे यंत्रही तिच्या पिशवीत घातले.