सरासरी सांगताय? मग कुठून कुठपर्यंत, तेही सांगा

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे, पण विषय आपल्या सगळ्यांच्या खिशाचा आहे.

२०२३ चा पावसाळा संपल्यावर हवामान खात्याचा आकडा आला : देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस. ऐकायला बरं वाटतं. पण ज्याचं सोयाबीन ऐन शेंगा भरताना वाळलं, त्याला हे सांगून बघा.

त्याच वर्षाचे महिन्यांचे आकडे असे : जून ९१, जुलै ११३, ऑगस्ट ६४, सप्टेंबर ११३ टक्के. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आकडे खरेच आहेत. फक्त कुठून कुठपर्यंत मोजायचं ते बदललं, की गोष्ट बदलते.

मला थोडंफार कोडिंग येतं, म्हणून हे त्या भाषेत सांगतो. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. रोजच्या पावसाचे १२२ आकडे ओळीने मांडले की झाला अ‍ॅरे. मोजणी शून्यापासून, म्हणजे १ जून शून्यावर आणि ३० सप्टेंबर १२१ वर. ऑगस्ट हवा तर ६१ ते ९१ यांची बेरीज करा, ३१ ने भागा. पायथॉनमध्ये शेवटचा क्रमांक धरत नाहीत, त्यामुळे तिथे ६१ ते ९२ लिहावं लागतं. ९१ लिहिलं तर ३१ ऑगस्ट गुपचूप गळतो. एरर येत नाही, उत्तर मात्र चुकतं.

प्रत्येक वेळी सगळी बेरीज करायचीही गरज नसते. लाइटचा मीटर आठवा. आत्ताचं रीडिंग वजा मागचं रीडिंग, झाले महिन्याचे युनिट. तसंच १ जूनपासूनची चालू बेरीज लिहून ठेवली, की कुठल्याही दोन तारखांमधला पाऊस एका वजाबाकीत निघतो. गावातला कुठलाही बारावीचा पोरगा हे करू शकतो.

आता तीन ठिकाणं, जिथे फसायला होतं.

एक, टक्क्यांची सरासरी. वरच्या चार महिन्यांची बेरीज करून चारने भागा, ९५ च्या वर येतं. पण जुलैचा नेहमीचा पाऊस जूनपेक्षा कितीतरी जास्त. सगळे महिने सारख्या वजनाचे नाहीत, म्हणून खरं उत्तर ९४.

दोन, रिकामी नोंद. पर्जन्यमापक दोन दिवस बंद होता. तिथे शून्य लिहायचं की रिकामं सोडायचं? भागायचं ३१ ने की २९ ने? ‘पाऊस नाही’ आणि ‘माहिती नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन, ‘सरासरी’ म्हणजे कुठल्या वर्षांची? देशाची सध्याची सरासरी १९७१ ते २०२० ची आहे, ८६८.६ मिलिमीटर. आधीची १९६१ ते २०१० ची होती, ८८०.६. म्हणजे तेवढाच पाऊस पडला तरी आज टक्का थोडा जास्त दिसतो.

यात कुणी लबाडी केली असं माझं म्हणणं नाही. पण दुष्काळ, पीकविमा, टँकर यांचे निर्णय आकड्यांवर होतात. समजा एखाद्या महसूल मंडळात २५ दिवस थेंब नाही आणि मग चार दिवसांत धो धो. महिन्याची सरासरी ठीक, पीक मात्र गेलेलं.

म्हणून ग्रामसभेत, तहसीलमध्ये, विम्याच्या बैठकीत कुणी सरासरी सांगितली की शांतपणे विचारा : कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत? किती दिवसांनी भागलं? रिकाम्या नोंदींचं काय केलं? आणि आपल्या मंडळाचे रोजचे आकडे मागून घ्या. ते हातात असले की भागाकार आपणही करू शकतो.

तुमच्या मंडळात यंदा सलग किती दिवस कोरडे गेले? तारखांसकट कमेंटमध्ये लिहा.