दोन रिकाम्या जागा

माझ्या आईला वाचनाचे व्यसन आहे. शिक्षण सातवीपर्यंतच, पण फराळाचे डबे भरून झाले आणि ती दिवाळी अंक घेऊन बसली, की दारात पाहुणा उभा राहिला तरी तिला पत्ता लागत नसे. गेल्या दिवाळीतही ती अशीच बसली होती. मी चहाचा रिकामा कप उचलायला गेलो तेव्हा पान ५२ उघडे होते. तासाभराने पुन्हा गेलो, तेव्हाही ५२च!

"गोष्ट फार मोठी आहे का ग, आई?"

"नाही रे," ती हसून म्हणाली, "आता छापलेलं दिसतच नाही मला. पण अंक हातात नसला तर दिवाळी वाटत नाही."

मी मराठीचा प्राध्यापक. पुसदच्या मुलांना अठरा वर्षे वाचनाचे महत्त्व सांगत आलो, आणि घरातली एकुलती एक खरी वाचक केव्हा थांबली ते मला कळलेही नाही!

तथापि माझ्याकडे एक हुकमी उपाय होता. महाविद्यालयाच्या वार्षिकाचा मी संपादक. आमचे वार्षिक आता कागदावर न छापता पीडीएफ स्वरूपात निघते. दोन स्तंभांची मांडणी, कडेने सोनेरी वेलबुट्टी, मजकुरामागे फिकट चित्र, असा त्याचा थाट मीच आग्रहाने करवून घेतला होता. अंकात माझाही एक लेख होता, हे सांगायला हवेच काय? तो अंक मी टॅब्लेटवर उघडून आईच्या हाती दिला आणि अक्षर बोटांनी ताणून मोठे कसे करायचे तेही शिकवले. अक्षर मोठे झाले, पण ओळीचे टोक काचेबाहेर गेले.

"अरे, आरंभ धरला की शेवट पळतो, आणि शेवट धरला की आरंभ सापडत नाही!" आई म्हणाली.

माझ्या एका विद्यार्थ्याने मला त्यातले इंगित समजावले. १९९३ साली आलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या जागी खिळ्याने ठोकल्यासारखे असते. पान सगळीकडे सारखेच दिसावे, म्हणून ही योजना. छापखान्याला ती सोयीची. थकलेल्या डोळ्यांना नव्हे. "सर, आतला मजकूर बाहेर काढा," तो म्हणाला.

मजकूर बाहेर काढला, आणि माझे गर्वहरण झाले. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! अंक जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला होता. त्यात इंग्रजी अक्षरांनाच मराठी अंगरखे चढवलेले असतात. अंगरखा काढला की आतला साहेब उघडा पडतो. मला महानुभावांची सकळ लिपी आठवली. एका अक्षराच्या जागी दुसरे लिहून त्यांनी आपले ग्रंथ मुद्दाम झाकून ठेवले. आम्ही तेच कारण नसताना केले होते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' म्हणजे २३२५, मग तो पुसदला असो की पॅरिसला.

रूपांतर करणारी आज्ञावली मिळाली. पण तिने कितीतरी ह्रस्व वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या गळ्यात घातल्या. जुन्या फॉन्टात वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी येते, युनिकोडात उच्चारते तशी नंतर. ह्रस्वदीर्घासाठी मुलांचे गुण कापणारा मी, आठ रात्री वेलांट्या उचलून जागेवर ठेवीत बसलो! त्यातच दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या. एके ठिकाणी वाचले: "सहस्रकुंडचा धबधबा पाहताच आमच्या सर्वांच्या जठरात पाचक रस स्रवू लागतो."

मग त्या विद्यार्थ्याने मला मार्कडाउन शिकवले. २००४ साली जॉन ग्रूबर यांनी, अ‍ॅरन स्वॉर्ट्झ यांच्या साहाय्याने, ही साधी रीत काढली. मथळ्याच्या ओळीआधी हॅशची खूण. ज्या शब्दावर भर द्यायचा त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा. बस्स! मथळा लाल असावा की मोठा, हे सांगायचे नाही. हा मथळा आहे, एवढेच सांगायचे. पोथीतला दंड आणि मेजर कँडीने मराठीत रुळवलेला स्वल्पविराम यांच्याच कुळातल्या मला या खुणा वाटल्या. त्या मजकुरात असल्या तरी वाचणाऱ्याला टोचत नाहीत.

अशा मजकुराचे पॅनडॉक ही आज्ञावली क्षणात ईपब पुस्तक करून देते. त्यात अक्षर हवे तेवढे मोठे करा, ओळी आपोआप मुडपून पानात बसतात. पॅनडॉक २००६ साली काढणारे जॉन मॅकफार्लेन हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, हे कळल्यावर मला फारच धीर आला.

एक अडचण उरली. मुलींच्या कविता सलग गद्य होऊन बसल्या. (हल्लीच्या कवितेचे तसेच असते, असे आमचे एक सहकारी म्हणाले, पण ते गणिताचे आहेत.) मार्कडाउनमध्ये नुसती ओळ तोडून भागत नाही, ओळीच्या शेवटी दोन रिकाम्या जागा सोडाव्या लागतात. मी त्या सोडल्या. डोळ्यांना काहीच दिसले नाही, पण कविता पुन्हा उभी राहिली. मी आग्रहाने घातलेली सोनेरी वेलबुट्टी मात्र या उलाढालीत नाहीशी झाली. तिची आठवण आजतागायत कोणी काढलेली नाही.

एका दुपारी तो नवा अंक आईला दिला. एका ओळीत जेमतेम चार शब्द मावतील एवढे अक्षर तिने करून घेतले. मी मुद्दाम दोनतीनदा कप उचलायला गेलो. दर खेपेला पान निराळे होते.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती म्हणाली, "तुझा लेख वाचला. बरा आहे, पण शेवट उगीच लांबवलास."

छापलेला अंक असता तर मी निरुपाय म्हणून हात झटकले असते. पण साधा मजकूर माझ्यापाशीच होता. त्या रात्री त्यातला शेवटचा परिच्छेद मी काढून टाकला.

हा लेखही ती वाचणार आहे. तेव्हा इथेच थांबतो.