मातीवरची साय

"मामा, थांबा! तिथं पाय ठेवू नका."

२०१९ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत अमेरिकेतील युटा राज्यात, मोॲब गावाजवळच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात भाच्याचे हे शब्द कानी पडले, तेव्हा माझा एक पाय पायवाटेबाहेर उचललेलाच होता. समोरच्या तांबड्या दगडी कमानीचे छायाचित्र घेण्यासाठी चार पावले बाजूला व्हावे, एवढाच हेतू. खाली पाहिले, तर जपावे असे काहीच दिसेना. वाळूवर जळकट काळी, खडबडीत खपली धरली होती, इतकेच.

ती खपली जिवंत होती. नीलहरित जीवाणू, दगडफूल, बुरशी आणि हरिता यांचा तो एकत्र संसार. त्यातले कर्तेपण 'मायक्रोकोलिअस' या जीवाणूकडे. त्याचे केसाहून बारीक तंतू चिकट आवरणात जुडीने राहतात आणि वाळूचे कण एकमेकांशी बांधतात. पाऊस पडला की ते वर सरकतात, जमीन सुकू लागली की ओलाव्यामागे खाली जातात. मागे उरलेली आवरणे मात्र माती धरून ठेवतात. 'नॉस्टॉक' व 'सायटोनेमा' ही भावंडे हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. काळेपणा येतो तो कडक उन्हापासून त्यांचे रक्षण करणाऱ्या रंगद्रव्यामुळे. शिवाय सर्वत्र एकच जात नांदते असेही नाही. थंड कोरड्या प्रदेशात मायक्रोकोलिअसची एक जात प्रबळ, तर उष्ण प्रदेशात दुसरी, असे २०१३ साली संशोधकांनी दाखविले. हवा तापत गेल्यास दुसरी पहिलीस हुसकावील, अशी भीतीही त्यांनी व्यक्त केली.

असा हा संसार एका पावलाने मोडतो आणि पुन्हा उभा राहण्यास कित्येक दशके लागतात. एकोणिसाव्या शतकात तेथे गुरांचे मोठाले कळप आले व ही साय पायदळी गेली. तेव्हापासून सुटलेली धूळ डोंगरावरच्या बर्फावर बसते. मळलेले बर्फ लवकर वितळते. त्यामुळे कोलोरॅडो नदीचे वार्षिक पाणी सुमारे ५ टक्क्यांनी घटते, असे २०१० सालचा एक अभ्यास सांगतो.

भाचा सांगत होता आणि माझे मन ग्वाल्हेरकडच्या एका शाळेच्या पटांगणात जाऊन पोहोचले होते. मी तेथे नवाच मुख्याध्यापक झालो होतो. पावसाळा सरत आलेला, तपासणी तोंडावर. पटांगणाच्या खारवट कोपऱ्यात काळपट, बुळबुळीत पापुद्रे पसरले होते. मुलांच्या हाती खुरपी देऊन दोन दिवसांत मी ती जागा खरवडून घेतली. आमचे विज्ञानशिक्षक हळूच म्हणाले होते, "सर, राहू द्या ते. नॉस्टॉक आहे. त्यानं जमीन सुधारते." बनारसचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एन. सिंह यांनी १९५० सालीच अशा जीवाणूंच्या साह्याने ऊसर जमिनी सुधारण्याचा मार्ग दाखविला होता, हेही त्यांनी सांगितले. मी मराठीचा एम. ए.; शेवाळ म्हणजे पाय घसरण्याची वस्तू, एवढेच मला ठाऊक. "घाण ती घाण," मी म्हणालो. तपासणीचा शेरा उत्तम मिळाला.

पुढच्या उन्हाळ्यात लू सुटली आणि त्या कोपऱ्यातली धूळ वर्गावर्गांत शिरू लागली. सगळीच धूळ तिथली नव्हती. पण बरीच होती. मी दोष दिला तो वाऱ्याला.

परतल्यावर त्या शिक्षकांच्या घरी मुद्दाम गेलो. ते केव्हाच निवृत्त झाले होते. युटाची हकीकत सांगितली, माझी चूकही कबूल केली. ऐकून ते हसले. राग नव्हताच. फक्त एवढेच विचारले, "मग आता काय आहे त्या कोपऱ्यात?"

काय सांगणार? धूळ फार होते म्हणून तिथे फरशी मीच घालून घेतली होती.