जठारपेठेच्या फरशीवरील तीन धावपट्ट्या

अकोल्याची जठारपेठ म्हणजे दवाखाने, शिकवणी वर्ग, दुकाने आणि उमरीकडे जाणाऱ्या ऑटोंची वर्दळ. या पेठेचा विमानांशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. पण आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, लोखंडी कपाटावरच्या फळीवर आज अकरा विमाने ओळीने उभी आहेत. मुलांनी जमविलेली आणि त्यांतली बहुतेक घरीच केलेली. या छंदाने आम्हाला आमच्याच वऱ्हाडाचा प्रवास घडविला. त्याची ही हकिगत.

प्रवासी विमानांच्या प्रतिकृती जमविणारे लोक जगभर आहेत. पूर्वी विमान कंपन्या आपल्या तिकीट कार्यालयांच्या काचेमागे अशी विमाने मांडीत. दुसऱ्या महायुद्धात तर हे काम लढाईचा भाग झाले. शत्रूचे विमान कोणते व आपले कोणते, हे सैनिकांना ओळखता यावे म्हणून 1942 साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख नमुने मागविले होते. सगळे एकाच मापाचे, एकास बहात्तर.

या छंदाचे मर्म त्या मापातच आहे. खेळण्यांच्या दुकानात जंबो आणि लहान विमान एकाच लांबीचे मिळते. ते दिसायला छान, पण खोटे. एकास चारशे हे माप धरले की खऱ्या विमानाचे चारशे सेंटिमीटर फळीवर एक सेंटिमीटर होतात. मग 70.6 मीटर लांबीचे बोइंग 747 पावणेअठरा सेंटिमीटरचे होते, एअरबस ए-320 साडेनऊ सेंटिमीटरच्या आत बसते आणि जुने डाकोटा जेमतेम पाच सेंटिमीटरचे राहते. सर्वांना एकच माप लावले तरच कोण केवढा, हे कळते.

बाजारात मिळणाऱ्या धातूच्या विमानाला काही हजार रुपये पडतात. आमच्या घरी तसे एकच आहे, बोनसमधून घेतलेले. बाकीची जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची. एटीआर-72 या पंख्याच्या विमानाचे अंग या मापात सात मिलिमीटर जाडीचे येते, म्हणजे अगदी पेन्सिलीएवढे. उरलेल्या पेन्सिलीचा 6.8 सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, जवळजवळ तेवढ्याच लांबीचे कागदी पंख चिकटवायचे आणि पांढरा रंग द्यायचा. आजीने पहिले विमान तळहातावर घेऊन विचारले, "यात माणसं कुठं बसतात रे?" नातवाने हिशेब सांगितला, "आजी, तू या मापात चार मिलिमीटरची होशील." आजी दिवसभर हसत होती.

विमाने झाली, तेव्हा धावपट्टी हवी. आधी आम्ही शिवणीला गेलो. अकोल्याहून मूर्तिजापूर रस्त्याने जाताना हा विमानतळ लागतो. तो 1943 साली, त्याच महायुद्धाच्या काळात बांधला गेला. ऐंशी वर्षे उलटली, पण येथून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. धावपट्टी सुमारे 1400 मीटरची. घरी येऊन मुलांनी खडूने फरशीवर रेघ मारली. साडेतीन मीटर. आमची खोली बारा फुटांची. धाकटी टाळ्या पिटत म्हणाली, "हे तं आपल्या खोलीत मावते!"

धावपट्टी 1800 मीटर करावी, ही मागणी अनेक वर्षांची. शेजारी कृषी विद्यापीठाची जमीन आहे आणि विषय तेथे अडून राहिला. तो वाढीव भाग 400 मीटरचा, म्हणजे आमच्या फरशीवर फक्त एक मीटर. मुलांनी तीही रेघ ओढली. ती उंबऱ्यावरून बाहेर गेली. वर्तमानपत्रात वर्षानुवर्षे वाचलेली बातमी त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा नीट दिसली.

दुसरी धावपट्टी बेलोऱ्याची. अमरावतीजवळच्या या विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. येथली धावपट्टी 1850 मीटर. आम्ही एसटीने अमरावती गाठली, पुढे बडनेऱ्यावरून बेलोरा. कुंपणाबाहेर उभे राहून एटीआर उतरताना पाहिले. मोठ्याने खिशातले पेन्सिलीचे विमान काढले, एक डोळा मिटला आणि हात लांब करून दोन्ही विमाने जुळवून पाहिली. "शेपटी उंच पाहिजे होती," एवढेच तो बोलला. घरी आल्यावर शेपटी बदलली. आमच्यापैकी कोणी अजून विमानात बसलेले नाही, पण चूक कुठे आहे हे मुलाला कळले.

तिसरी रेघ नागपूरची. सोनेगावच्या या विमानतळाला 2005 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे. धावपट्टी 3200 मीटर, म्हणजे आठ मीटर. ती रेघ खोलीतून निघाली, ओसरी ओलांडली आणि गल्लीत जाऊन थांबली. शेजारच्या लोकांनी चौकशी केली, तेव्हा मुलांनी त्यांना रात्रीच्या टपालाची गोष्ट सांगितली. 1949 पासून 1973 पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून विमाने मध्यरात्री नागपूरला येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती परत फिरत. देशाच्या चार टोकांची पत्रे आपल्या विदर्भात एकमेकांना भेटत. त्या रात्री आमच्या गल्लीत कागदाची चार डाकोटा चार दिशांनी आली.

फळीवर मधोमध उभे आहे ते 'एम्परर अशोक'. एअर इंडियाचे हे पहिले जंबो 1971 साली आले. त्याच्या खिडक्यांभोवती महालाच्या झरोक्यांसारखी लाल नक्षी होती. 1 जानेवारी 1978 रोजी मुंबईहून उडताच ते वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि 213 जीव गेले. त्याच्या शेजारी 'कनिष्क'. 23 जून 1985 रोजी बॉम्बस्फोटाने ते अटलांटिक महासागरात पडले आणि 329 माणसे मेली. आपल्याला आदराची असलेली ही दोन नावे. मुलांनी ती विमाने केली तेव्हा आम्ही त्यांना हेही सांगितले. एअर इंडियाची शेवटची जंबोही एप्रिल 2024 मध्ये मुंबई सोडून गेली. आता ती पाहायची तर अशीच, फळीवर.

अशा छंदाने पोट भरत नाही, हे कष्टकरी आईबापांना सांगायला नको. पण विमान उडविणाऱ्याइतकेच ते दुरुस्त करणारेही लागतात. नागपूरच्या मिहानमध्ये 2015 साली विमान दुरुस्तीचे मोठे केंद्र सुरू झाले. परवानाधारक विमान देखभाल अभियंता व्हायचे तर बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हे विषय लागतात. आमच्या धाकटीने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. तिचे गणित कच्चे होते, पण चारशेने भाग देता देता ते बरेच सुधारले.

वाचकांपैकी कोणाच्या घरी लहान मुले असतील तर एक रविवार, एक खडू आणि एक मोजपट्टी पुरे. आपल्या गावाजवळची धावपट्टी फरशीवर काढून पाहा. आमच्याकडची तिसरी रेघ पावसाने गल्लीतून पुसली गेली. खोलीतली पहिली मात्र मुलांनी रंगाने पक्की केली आहे. शिवणीला विमान आले, तर उंबऱ्यापलीकडचा एक मीटरही रंगवायचा, असे ठरले आहे.